का, खा, गा, ङा आणि मग सा : काया ली लिपी समजून घेताना

म्यानमारच्या पूर्व सीमेवर, थायलंडला लागून असलेलं काया हे त्या देशातलं सर्वांत लहान राज्य. राजधानी लोइको. उत्तरेला शान राज्य, पूर्वेला थायलंडचा मे हाँग सोन प्रांत, मधून वाहणारी सालवीन नदी आणि बाकी सगळे डोंगर. या डोंगरांत आणि सीमेपलीकडच्या खेड्यांत काया भाषा बोलली जाते. पर्यटनाच्या जाहिरातींत गळ्यात पितळी कड्या घातलेल्या ज्या स्त्रिया दिसतात त्या कयान समाजाच्या. काया लोकांशी त्यांचं नातं जवळचं आहे, पण समाज वेगळा आणि भाषाही वेगळी.

या काया भाषेला १९६२ साली स्वतःची लिपी मिळाली. शतकानुशतकं हळूहळू बदलत आलेली नव्हे, तर थे बू फे नावाच्या एका माणसाने विचारपूर्वक रचलेली. जगातल्या बहुतेक वाचकांना तिची रचना समजावून घ्यायला बराच वेळ लागेल. मराठी वाचकाला तेवढा लागणार नाही, कारण पहिलीत पाठ केलेली क-ख-ग-घ तिथे निम्म्याहून अधिक काम करून देते.

आधी भाषा

काया ही चिनी-तिबेटी कुटुंबातल्या करेनी शाखेची भाषा. स्गॉ करेन, प्वो करेन, पाओ आणि कयान या तिच्या बहिणी. लोक स्वतःला 'काया ली' म्हणवतात. 'ली' म्हणजे तांबडा. बर्मी भाषेतलं 'करेन्नी' हे नावही 'तांबडे करेन' याच अर्थाचं, पारंपरिक लाल कपड्यांवरून पडलेलं. भाषाशास्त्रज्ञ तिचे पूर्व काया आणि पश्चिम काया असे दोन भाग करतात. पूर्व कायाचं सविस्तर व्याकरण डेव्हिड सोल्निट यांनी लिहिलं, ते १९९७ साली प्रसिद्ध झालं.

तिबेटी, बर्मी आणि या कुटुंबातल्या बहुतेक भाषा क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवतात, मराठीसारखंच. करेनी शाखा मात्र वेगळी चालते: आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. 'मी खातो भात' अशी मांडणी. नामाला 'ने', 'ला', 'शी' असे प्रत्यय लागत नाहीत, त्यामुळे कोणी कोणाला काय केलं हे शब्दांच्या क्रमावरूनच कळतं. मोजताना संख्येबरोबर वर्गदर्शक शब्द लागतो. आपण दुकानात 'चार नग' किंवा 'दोन ताव कागद' म्हणतो तसाच. फरक एवढाच की तिथे तो दुकानापुरता नसतो, माणसं, जनावरं, झाडं, काहीही मोजताना येतो.

लिपीच्या दृष्टीने मात्र दोनच गोष्टी नीट लक्षात ठेवायला हव्यात.

पहिली: पूर्व कायात मूळ शब्दांतलं प्रत्येक अक्षर स्वराने संपतं. मराठीत 'घर' म्हणताना शेवटी 'र्' वर थांबतो, 'हात' म्हणताना 'त्' वर. तिथे असं थांबणं नाही. सुरुवातीला 'प्ल', 'फ्र', 'क्व' अशी जोडी येऊ शकते, शेवट मोकळा.

दुसरी: ही सुरांची भाषा आहे. मराठीत आवाज चढवला-उतरवला की प्रश्न, राग किंवा आश्चर्य कळतं, शब्द तोच राहतो. कायात सूर बदलला की शब्दच दुसरा होतो. स्वर आणि व्यंजनाइतकाच सूरही शब्दाचा घटक आहे. तो लिहिला नाही तर वाचणाऱ्याला संदर्भावरून अंदाज बांधत बसावं लागतं. थोडा अंदाज आपणही बांधतोच: 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च वेगळे आहेत, लिहितो मात्र एकच अक्षर. पण ही तडजोड थोड्या शब्दांपुरती आहे. जवळजवळ प्रत्येक शब्दाला ती करावी लागली तर वाचनाचा वेगच खुंटेल.

व्यंजनांची रांग

आता लिपी. तिचंही नाव काया लीच. तिच्यात चोवीस व्यंजनं आहेत आणि त्यांचा क्रम, युनिकोडने (संगणकासाठी जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेने) दिलेल्या नावांनुसार, असा: का, खा, गा, ङा, सा, शा, झा, न्या, ता, ठा, ना, पा, फा, मा, दा, बा, रा, या, ला, वा, था, हा, आणि शेवटी वा, चा. (ठा म्हणजे महाप्राण त. था हा जीभ दातांना लावून काढलेला घर्षक ध्वनी. शेवटून दुसरा 'वा' दात आणि ओठ जोडून म्हणायचा, आधीचा केवळ ओठांनी.)

पहिली चार अक्षरं वाचताच ओळख पटते. कंठ्य वर्ग आहे हा. 'घ' तेवढा नाही, कारण भाषेत तो ध्वनीच नाही. तिसऱ्या गटात त-वर्ग, चौथ्यात प-वर्ग, प्रत्येक वर्गाच्या शेवटी त्याचं अनुनासिक. पाणिनीच्याही आधीपासून भारतीय ध्वनिविचाराने तोंडातल्या उच्चारस्थानांप्रमाणे जी मांडणी केली, ती ब्राह्मीच्या वंशातल्या लिप्यांबरोबर दक्षिण भारतातून आग्नेय आशियात गेली, मोन आणि बर्मी लिप्यांत स्थिरावली आणि तिथून विसाव्या शतकात सालवीनकाठच्या या नव्या लिपीत उतरली.

पण दुसऱ्या गटाकडे पाहा. तिथे च, छ, ज, ञ हवेत. आहेत सा, शा, झा, न्या. पहिल्यांदा ही यादी पाहिली तेव्हा मला वाटलं होतं की इथे क्रम मोडला असावा. मोडलेला नाही. बर्मी लिपीत च-वर्गाची अक्षरं आहेत, त्यांची जागाही तीच आहे, फक्त आजची बर्मी भाषा त्यांचा उच्चार बदलून करते: च ला 'स', छ ला महाप्राण 'स', ज ला 'झ'. बर्मी शाळेत शिकलेल्या माणसाच्या कानात वर्णमाला अशीच वाजते: का, खा, गा, मग सा. थे बू फे यांनी रांग घेतली ती त्या कानाने ऐकलेली.

मग आपला 'स' कुठे गेला? य, र, ल, व नंतर जिथे स यायचा, तिथे काया लीत 'था' आहे आणि त्यापुढे 'हा'. याचंही उत्तर बर्मीत मिळतं. बर्मी लोक 'स' चं अक्षर लिहितात आणि ते 'थ' सारखं उच्चारतात. जागा स ची, आवाज थ चा. आणि खराखुरा 'च' कायात असल्यामुळे त्यालाही अक्षर हवं होतं, पण त्याची जुनी जागा 'सा' ने घेतलेली. म्हणून तो रांगेच्या अगदी टोकाला जाऊन बसला. दा आणि बा सुद्धा आपापल्या वर्गातून निघून म-नंतर एकत्र आले आहेत.

मला ही रांग फार महत्त्वाची वाटते. एखाद्या भाषेवर शेजारच्या मोठ्या भाषेची छाया किती खोलवर जाते आणि तरी त्या छायेत राहून माणूस स्वतःचं काय काय उभं करू शकतो, ते चोवीस अक्षरांत दिसतं. अक्षरांच्या आकारांतही हीच गोष्ट आहे. काही अक्षरं बर्मी अक्षरांची नातलग असल्याचं ओळखू येतं. इतर काहींचे आकार नवे आहेत.

इथे बर्मी लिपीच का नाही घेतली, हा प्रश्न साहजिक आहे. एक कारण रंगूनच्या नावातच सापडतं. बर्मीत ते शहर 'र' ने लिहितात आणि 'यांगोन' म्हणतात, कारण बर्मीत र चा उच्चार य झाला आहे. कायात र आणि य दोन्ही आहेत, स्पष्टपणे वेगळे. बर्मी शाळेत वाचायला शिकलेल्या मुलाने बर्मी अक्षरांतला काया मजकूर हातात घेतला, तर र दिसताच त्याच्या तोंडून य येणार. बर्मी लिपीत शब्दलेखन जुन्या उच्चारांचं आणि बोलणं आजचं, असा अंतराय प्रत्येक पानावर आहे. ते ओझं उचलण्याचं दुसऱ्या भाषेला काही कारण नव्हतं.

'अ' लपलेला नाही

खरी झेप पुढे आहे. देवनागरीत 'क' लिहिला की त्यात 'अ' आपोआप असतो. तो काढायचा तर पाय मोडावा लागतो, बदलायचा तर काना, मात्रा, वेलांटी लावावी लागते. बर्मी, थाई, ख्मेर, तमिळ या सगळ्या लिप्या थोड्याफार फरकाने याच तत्त्वावर चालतात. या व्यवस्थेचा एक त्रास आपल्याला जाणवत नाही, कारण तो लहानपणीच अंगवळणी पडतो. 'मदत' मध्ये तीन अक्षरं, तिन्हींत अ आहे असं लिपी सांगते, आपण मात्र दोनच अ म्हणतो. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला विचारा, तिसरा अ गिळायचा हे त्याला कोणी तरी सांगावं लागतं.

काया लीत असा लपलेला अ नाही. व्यंजनाचं अक्षर म्हणजे नुसतं व्यंजन. अ म्हणायचा तर अ चं अक्षर लिहायचं, पूर्ण आकाराचं, ओळीत. 'काया' हा शब्द लिहायचा तर क, मग अ. य, मग अ आणि त्याखाली सुराची खूण. त्यामुळे पाय मोडणं नाही, जोडाक्षरं नाहीत. 'प्लो' मध्ये आपण प अर्धा करून ल ला चिकटवतो. तिथे प आणि ल शेजारी शेजारी उभे राहतात. वर्णमालेचा क्रम भारतीय घराण्यातला, पण चालण्याची रीत रोमन किंवा ग्रीक लिपीसारखी.

स्वरांची सोय तर मला सगळ्यांत सुंदर वाटते. स्वर नऊ. त्यांतल्या चारांना स्वतंत्र अक्षरं आहेत: अ, इ आणि आणखी दोन. उरलेल्या पाच स्वरांसाठी नवी अक्षरं न करता अ च्या डोक्यावर वेगवेगळ्या खुणा दिल्या आहेत. हे आपल्याला नवीन नाही. 'ओ' आणि 'औ' म्हणजे अ वरच दिलेल्या खुणा आहेत. इ आणि उ यांनाही हाच नियम लावून 'अि', 'अु' लिहावं, असा आग्रह सावरकरांनी लिपिशुद्धीच्या चळवळीत धरला होता आणि जुन्या मराठी छपाईत तसं लिहिलेलं आजही सापडतं. आपल्याकडे ती सुधारणा रुजली नाही, कारण शतकांची सवय समोर उभी होती. काया लीपुढे ती अडचण नव्हती. दुसऱ्या एका स्वराक्षरावर याच खुणा देऊन परक्या शब्दांतले स्वर लिहायचीही सोय ठेवलेली आहे. म्हणजे लिपीच्या रचनेत उसन्या शब्दांचाही विचार झालेला आहे.

स्वराच्या खुणा वर, सुराच्या खाली. सुराच्या खुणा तीन: प्लोफू, चाल्या आणि त्या दोन नावांची जोड असलेली चाल्या प्लोफू. खूण नसलेलं अक्षर हा त्यांच्या जोडीला चौथा पर्याय. वर पाहिलं की स्वर कळतो, खाली पाहिलं की सूर. दोन कामं दोन दिशांना वाटून दिल्यामुळे खुणांची गर्दी होत नाही.

अंकही स्वतःचे आहेत, शून्यापासून नवापर्यंत. विरामचिन्हं बहुतेक इंग्रजी वळणाची, पण दोन खास स्वतःची: च्वी आणि श्या. यातली श्या म्हणजे त्यांचा दंड, आपल्या जुन्या पोथ्यांत वाक्याच्या शेवटी येणाऱ्या उभ्या रेघेच्या कुळातला.

लिपी हवी कशाला होती

आधी थोडा इतिहास. कांतारवाडी, क्येबोजी आणि बॉलाखे ही करेन्नी संस्थानं स्वतःला ब्रह्मदेशाचा भाग मानत नव्हती. १८७५ साली ब्रिटिश आणि ब्रह्मदेशाचा राजा मिंडोन यांच्यात झालेल्या करारात पश्चिम करेन्नीचं स्वातंत्र्य दोघांनीही मान्य केलं. १९४७ च्या घटनेने करेन्नी राज्याला नव्या संघराज्यात घेतलं आणि दहा वर्षांनी बाहेर पडण्याचा हक्कही दिला. १९५१ मध्ये राज्याचं नाव 'करेन्नी' ऐवजी 'काया' झालं. १९५७ साली करेन्नी राष्ट्रीय प्रगतिशील पक्ष स्थापन झाला. बाहेर पडण्याचा हक्क कागदावरच राहिला आणि सशस्त्र लढा सुरू राहिला.

भाषेच्या आघाडीवर वेगळीच हालचाल होती. शेजारच्या स्गॉ करेनसाठी जोनाथन वेड या बॅप्टिस्ट मिशनऱ्याने १८३० च्या दशकातच बर्मी लिपीवरून लेखनपद्धती तयार केली होती. काया भाषेसाठी १९५५ नंतर रोमन अक्षरांतल्या पद्धती पुढे येऊ लागल्या. काया राज्यात कॅथलिक पंथाचा प्रसार मोठा, त्यामुळे रोमन लेखनाला चर्चचा आधार होता. गोव्यातल्या वाचकाला हे चित्र नवं वाटणार नाही: रोमी कोकणी आणि देवनागरी कोकणी यांच्यातला ताण त्याने घराघरांत पाहिला आहे.

थे बू फे यांनी मार्च १९६२ मध्ये आपली लिपी मांडली ती काही अंशी या रोमन पद्धतींना उत्तर म्हणून. त्याच महिन्यात, २ मार्चला, जनरल ने विन यांनी रंगूनमध्ये सत्ता घेतली होती. लिपी काही उठावाला प्रतिक्रिया म्हणून चार दिवसांत रचली गेली नाही. पण उठावानंतर जे घडलं त्यामुळे तिचं मोल वाढलं. सरकारी शाळांमध्ये बर्मी ही एकमेव वाट उरत गेली आणि अल्पसंख्य समाजांच्या भाषा वर्गाबाहेर ढकलल्या गेल्या. अशा वेळी आपल्या भाषेत वाचता-लिहिता येणं ही गोष्ट समाजाला स्वतःच टिकवावी लागते. काया लीत ते काम मुख्यतः सीमेपलीकडे झालं. लढाईमुळे विस्थापित झालेल्या कुटुंबांसाठी मे हाँग सोन प्रांतात बान माई नाई सोई आणि बान मे सुरिन या निर्वासितांच्या छावण्या उभ्या राहिल्या आणि छावण्यांतल्या शाळांत मुलांना ही लिपी शिकवली गेली.

यातून एक अवघड परिस्थिती तयार झाली आहे आणि ती लपवून उपयोग नाही. छावणीतल्या शाळेत शिकलेली मुलगी काया ली लिपीत लिहिते. लोइकोजवळच्या चर्चमध्ये वाचायला शिकलेला तिचा मामेभाऊ रोमन अक्षरांत लिहितो. दोघं भेटले तर तासन्‌तास बोलतील. चिठ्ठी पाठवली तर ती न वाचताच राहील. लहान भाषेला अशी फूट परवडत नाही. मोठ्या भाषेला दोन लिप्या असल्या तर दोन्हींत वर्तमानपत्रं निघतात, पुस्तकं निघतात. लहान भाषेकडे शिक्षक थोडे, छापणारे थोडे, आणि तेच दोन ठिकाणी वाटले जातात.

रोमन सोपी पडते, टायपिंगला अडचण येत नाही, परदेशी गेलेल्या मुलांनाही वाचता येते, हा युक्तिवाद मला समजतो आणि तो खोटा नाही. तरीही माझं मत काया लीच्या बाजूने आहे. सूर आणि स्वर इतक्या नीट वेगळे मांडणारी लिपी सहज सोडून द्यावी अशी नाही. आणि 'ही राजकीय लिपी आहे' हा आक्षेप मला मुळीच पटत नाही. मिशनऱ्याने दिलेली रोमन लिपी आणि सरकारी शाळेतली बर्मी लिपी यांच्या पाठीशी सत्ता होतीच. फक्त ती सत्ता दुसऱ्याची होती.

फोनवर येण्यासाठी

हाताने लिहिणं आणि फळ्यावर शिकवणं यापुढे जायचं तर लिपी संगणकात यावी लागते. त्यासाठी युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक मिळावा लागतो. क्रमांक नसेल तर इंग्रजी कळांच्या मागे अक्षरं लपवणारे फॉन्ट वापरावे लागतात. मराठीतही तो काळ होऊन गेला: एका संगणकावर टाइप केलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला की निरर्थक चिन्हांची रास दिसायची, कारण तिथे तोच फॉन्ट नसायचा.

काया लीला हे क्रमांक मिळाले ते एप्रिल २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत. दहा अंक, चोवीस व्यंजनं, चार स्वराक्षरं, पाच स्वरखुणा, तीन सूरखुणा आणि दोन विरामचिन्हं, एकूण अठ्ठेचाळीस. राखून ठेवलेल्या जागाही अठ्ठेचाळीसच, त्यामुळे एकही रिकामी नाही. याच आवृत्तीत भारतातल्या ओल चिकी, लेपचा आणि सौराष्ट्र या लिप्याही आल्या. ओल चिकी ही रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ साली संताळीसाठी रचलेली लिपी. तिच्यातही लपलेला अ नाही, आणि संताळी लोकांनाही आपली भाषा प्रांताप्रांतात बंगाली, देवनागरी, ओडिया आणि मिशनऱ्यांच्या रोमन लिपीत विखुरलेली पाहावी लागली. दोन समाज एकमेकांपासून दूर, दोघांचा प्रश्न सारखा आणि दोघांनी शोधलेलं उत्तरही बरंचसं सारखं.

आज गुगलच्या नोटो संग्रहात काया लीचा मोफत फॉन्ट आहे, त्यामुळे ही अक्षरं साध्या फोनवरही दाखवता येतात. युनिकोडच्या तक्त्यात ती शोधायची असतील तर 'देवनागरी विस्तारित' हा विभाग उघडा, ज्यात सामवेदाच्या स्वरचिन्हांसारख्या खुणा ठेवल्या आहेत. तो संपतो त्याच्या पुढच्याच जागेवर काया लीचं शून्य आहे.

फॉन्ट असणं आणि लिपी वापरात असणं यांत मात्र शाळा लागते. १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर काया राज्यात पुन्हा मोठी लढाई पेटली. लोइको, देमोसो, फ्रुसो भागातली माणसं गावं सोडून रानात आणि सीमेकडे गेली. त्याआधीच्या वर्षांत छावण्यांतली अनेक कुटुंबं अमेरिकेसारख्या देशांत जाऊन स्थायिक झाली होती. त्यांच्या मुलांची रोजची भाषा आता इंग्रजी आहे. म्हणजे लिपी शिकवण्याची गरज एकाच वेळी तीन ठिकाणी आहे: लढाई चालू असलेल्या डोंगरांत, थायलंडच्या छावण्यांत आणि समुद्रापलीकडच्या शहरांत. या तिन्ही ठिकाणी चालेल असं सगळ्यांत साधं साधन म्हणजे चोवीस व्यंजनं आणि नऊ स्वरांचा एक तक्ता, जो कागदावर छापता येतो आणि फोनवरून पाठवताही येतो.